अर्धा गुडघा आणि एक भोपळा

पत्र

ताई, मी मूळची सांगलीची, वय २८. पुण्यात नोकरी करते आणि अकरा वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. गेली पाच-सहा वर्षं आमच्या बाईंच्या मैफलीत मागे तानपुऱ्यावर बसते, त्यांनी खूण केली की स्वर देते. मध्यंतरी एका मैफलीचा व्हिडिओ यूट्यूबवर आला. आईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दीड तासाच्या त्या व्हिडिओत माझा अर्धा गुडघा आणि तानपुऱ्याचा भोपळा एवढंच दिसतं. मावसभावाने ग्रुपवर विचारलं, ‘तू कुठे आहेस यात?’ सगळे हसले, मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. माझ्या नंतर शिकायला आलेल्या मुली रील्स टाकतात, त्यांना कार्यक्रम मिळतात. ऑफिसात मॅनेजर म्हणतात, ‘काम उत्तम, पण तू दिसत नाहीस.’ आई म्हणते, ‘आपण नम्र राहावं, वेळ आली की जग ओळखतं.’ मला खरंच मागे बसायला आवडतं. मग वाईट का वाटतं? मी मागेच राहावं की पुढे यावं?

एक तानपुरेवाली, पुणे

ता. क. गेल्या दोन्ही वर्षी बाईंनी गुरुपौर्णिमेला गायला सांगितलं होतं. मी म्हटलं, राहू दे, मी मागेच बरी.

उत्तर

प्रिय मुली,

वयाने तू माझ्या भाचीएवढी, तेव्हा अगं-तुगं करते. ता. क. मध्ये जे लिहिलं आहेस त्याकडे नंतर येते. तुझं खरं पत्र तिथे आहे असं मला वाटतं. पण आधी वरचा मजकूर पाहू, कारण त्यातही बरंच काही आहे.

त्या व्हिडिओत दीड तास तू कुणाच्या लक्षात आली नाहीस, याचा अर्थ तुझं काम चोख झालं. हे समाधान करण्यासाठी लिहीत नाहीये. तानपुरा लोकांच्या लक्षात येतो तो बिघडला की. वाजवणारी तबल्याच्या ठेक्याबरोबर वाहवत गेली आणि तारा लयीत छेडू लागली, की कान असलेल्या श्रोत्याला ते खुपतं. मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने पुढच्या तीन, आणि यात कुठेही आघात ऐकू येता कामा नये. एकीचा नाद विरायच्या आत दुसरीचा त्यात मिसळायला हवा. सभागृहातल्या गारव्याने तार जराशी हलली तर मणी सरकवून ती जागेवर आणायची, तीही गाणाऱ्याचा सूर न मोडता आणि पुढच्या रांगेतल्या काकांना कळू न देता. बाईंनी ऐन वेळी मालकंस घ्यायचं ठरवलं तर पंचम उतरवून मध्यम लावायचा, मारवा असेल तर निषाद. पाठ ताठ, हातात किणकिणणाऱ्या बांगड्या नाहीत, मानेचे झोके नाहीत, घड्याळाकडे नजर नाही. हे सगळं तू दीड तास केलंस आणि कॅमेऱ्याला तुझा गुडघा मिळाला. या कामाची खरी दाद म्हणजे कुणाचं लक्ष न जाणं. अडचण एवढीच की ही दाद कुणी तोंडाने देत नाही, ती आपली आपल्यालाच ओळखावी लागते.

तू सांगलीची आहेस, म्हणजे मिरज तुझ्या घरामागेच म्हणायची. तिथल्या तानपुरे करणाऱ्या कारागिराला जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, कधी पाहिलं आहेस का? तारा ज्यावरून जातात त्या घोडीचा माथा घासायचा, तार लावून ऐकायची, पुन्हा घासायचा. तार घोडीवर नुसती टेकत नाही, त्या किंचित गोलसर माथ्यावर ती थरथरत घासत राहते. खाली सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी पकडतात. त्यातून खर्जाच्या तारेत गंधार ऐकू यायला लागतो. गंधाराची तार तानपुऱ्यात कुठेच नसते. कुणी न छेडलेला स्वर आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. सी. व्ही. रामन यांना याचं इतकं नवल वाटलं की त्यांनी १९२१ साली त्यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडाल त्या ठिकाणामुळे काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे बारीक स्वर, उमटायलाच नकोत असा नियम, आणि आपला तानपुरा तो सरळ धाब्यावर बसवतो. गोलसर घोडी आणि धागा यांची ही करामत आहे, हे त्यांनी दाखवलं.

हे एवढं लिहिलं ते पुढच्या एका गोष्टीसाठी. ज्याची जवारी मैफलभर ऐकू येते तो कारागीर मैफलीत नसतो. पण मिरजेच्या कित्येक वाद्यांवर करणाऱ्याचं नाव असतं. आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन म्हणजे सरकारदरबारी नोंदलेलं नावच. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून घोडी घासणाऱ्या लोकांनाही आपल्या कामावर आपल्या गावाचं नाव हवं असतं. त्यात गर्व कुठे आला?

तुला वाईट का वाटतं, याचं उत्तर मला इथेच दिसतं. काम करताना नजरेत न भरणं तुला आवडतं, आणि ते आवडायलाच हवं. पण काम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतरही तू नजरेत भरत नाहीस, ते टोचतं. या दोन गोष्टी तू एकाच गाठोड्यात बांधल्या आहेस आणि आई त्याला नम्रता म्हणते आहे. पत्रिकेवर तबलजींचं नाव होतं, संवादिनीवाल्यांचं होतं, तुझं होतं का? निवेदकाने तुझं नाव घेतलं का? मानधनाचं पाकीट मिळालं, की ‘घरचीच मुलगी’ म्हणून एक गजरा आणि उपमा? रात्री साडेअकराला सभागृहातून घरी कशी गेलीस? पत्रात यातलं काहीच नाही. ज्या अर्थी नाही, त्या अर्थी उत्तरं मला साधारण कळली.

(आयोजकांविषयी एक गोष्ट बोलूनच टाकते. काही ठिकाणी तानपुऱ्याच्या जागा आयोजकांच्या ओळखीतल्या मुलींना ‘जरा स्टेजवर बसू दे’ म्हणून दिल्या जातात. त्या सजून येतात, तारा कशाबशा छेडतात, आणि मध्यंतरात लोक त्यांच्या साड्यांवर चर्चा करतात. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवातही मी ही साड्यांची चर्चा ऐकली आहे, आणि खोटं कशाला सांगू, दोन वाक्यं मीही बोलले आहे. पण ज्या जागेची किंमत आयोजकच ओळखत नाहीत तिथे बसणाऱ्या तयारीच्या मुलीला मान कुठून मिळणार?)

आता तू जिथे बसतेस तिथून काय मिळतं ते पाहू. किशोरीताई आमोणकर तरुणपणी आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुऱ्यावर बसायच्या, त्यांच्याबरोबर गावोगाव जायच्या. समेवर येण्याआधी आई श्वास कुठे घेते, एखादी जागा आज का टाळते, हे त्या जागेवरून जसं दिसतं तसं पहिल्या रांगेतून दिसत नाही. पहिल्या रांगेत सोफे असतात, गाणं मागून शिकायला मिळतं. पण किशोरीताईंनी तिथून आणखीही काही पाहिलं. केवढी मोठी गायिका, आणि तिला प्रवासात, मुक्कामाला कशी वागणूक मिळते, हे त्यांनी पाहिलं. आपण असं चालवून घ्यायचं नाही हे तेव्हाच ठरवलं, असं त्या पुढे मुलाखतींतून सांगत. नंतर लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणाले. म्हणोत. मागे बसलेली मुलगी तोंड मिटून होती, डोळे मिटून नव्हती, एवढंच त्याचं कारण.

याची दुसरी बाजूही तुला माहीत असायला हवी. गंगूबाई हनगल यांच्या मागे त्यांची लेक कृष्णा वर्षानुवर्षं गायली. ती स्वतः तयारीची गायिका होती. आईचा तो भारदस्त स्वर जिथे थांबे तिथून ती उचलून धरायची, आणि त्या दोन आवाजांनी मिळून जे उभं राहायचं ते एकट्या गंगूबाईंचं नव्हतं. कृष्णाबाई २००४ मध्ये आईच्या आधी गेल्या. आज त्यांचं नाव निघतं ते जवळजवळ नेहमी आईच्या नावामागून. हे आयुष्य वाया गेलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्या सुरांत त्यांना काय मिळत होतं ते त्यांनाच ठाऊक. पण तसं आयुष्य निवडायचं तर निवडून जगावं. दरवर्षी ‘राहू दे’ म्हणता म्हणता आपोआप तिथे पोचू नये.

पोवाड्यातले झीलकरी पाहिले आहेस ना? शाहीर पुढे, हातात डफ. त्याची ओळ संपते न संपते तोच झीलकरी ‘जी जी’ उचलतात आणि शाहिराला दम घ्यायला फुरसत मिळते. झील नसेल तर तिसऱ्या चौकात शाहिराचा घसा बसेल. तुझं स्वर देणंही तेच. बाई वरच्या षड्जावर ठेहराव घेतात तेव्हा मागून तू तो धरतेस, म्हणून त्या निश्चिंत श्वास घेतात. बाईंना हे कळत असणारच, म्हणून तर इतकी वर्षं त्यांनी तुला मागे बसवलं. मंडळींना कळत नाही. मावसभावाला तर कळायचं काही कारणच नाही. पुढच्या वेळी तो ‘तू कुठे आहेस’ म्हणाला तर व्हिडिओतलं एखादं मिनिट सांग, ‘इथे बाईंच्या मागे जो दुसरा आवाज येतो ना, तो माझा.’ नुसतं हसून सोडून देऊ नकोस.

आईच्या ‘वेळ आली की जग ओळखतं’ यावर थोडं. या वाक्याच्या समर्थनाला लोक नेहमी सुरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णा देवींचं उदाहरण देतात. त्यांनी जाहीर कार्यक्रम सोडले, मुंबईत दार लावून राहिल्या, फोटो मोजकेच, ध्वनिमुद्रणं जवळपास नाहीत, तरी निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले, आणि १९७७ साली पद्मभूषण घरी चालत आलं. खरं आहे सगळं. पण त्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या आणि शिष्या. आधी मंचावरून वाजवून, जाणकारांना थक्क करून मग आत गेल्या. ज्याला जग ओळखतं त्याने पाठ फिरवली की त्याचं वलय होतं. तुझ्यामाझ्यासारखीने पाठ फिरवली तर जगाला मागची वेणी दिसते, बस. आईला हे सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. तिचा हेतू चांगला आहे, आणि व्हिडिओ सगळ्यांना पाठवणारीही तीच होती, हे विसरू नकोस. तिलाही तू दिसायला हवी आहेसच.

रील्सबद्दल माझं मत मागितलं नाहीस, तरी देते. त्या मुलींचा राग करू नकोस. चाळीस सेकंदांत तान मारून दाखवणं हेही कसब आहे, त्यातून कुणाला कार्यक्रम मिळत असतील तर चांगलंच. पण चाळीस सेकंदांत जे मावतं तेच हळूहळू गळ्यात उरतं. विलंबित खयालातला पहिला आलाप चाळीस सेकंदांत षड्जावरून हललेलासुद्धा नसतो. तुला जे गाणं आवडतं ते त्या चौकटीत बसणारं नाही, हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं. तेव्हा स्वतःला त्यात कोंबू नकोस आणि आपण कोंबलं नाही म्हणून स्वतःला थोरही समजू नकोस.

ऑफिसचं उत्तर फारच सोपं आहे, त्यासाठी दोन ओळी पुरेत. तिथे ऐकणारं कुणी नसतं, मोजणारे असतात, आणि जे सांगितलं नाही ते मोजलं जात नाही. दर शुक्रवारी मॅनेजरना चार ओळींचं मेल पाठव: या आठवड्यात हे केलं, हे अडलं, हे पुढच्या आठवड्यात. त्यात ‘आम्ही’च्या जागी जिथे खरंच ‘मी’ आहे तिथे ‘मी’ लिही. तिथे तानपुरेवाली होण्यात काही पुण्य नाही. तुझं काम दुसऱ्या कुणाच्या नावावर जाईल आणि पगारवाढही त्याच्याच मागे जाईल.

आता ता. क.

दोनदा बाईंनी स्वतःहून गायला सांगितलं आणि दोनदा तू नाही म्हणालीस. मग मला सांग, ‘मी दिसत नाही’ ही तक्रार नक्की कुणाविरुद्ध आहे? व्हिडिओ काढणाऱ्याविरुद्ध? त्याने कॅमेरा गाणाऱ्यावर लावला, तो लावणारच. बाईंविरुद्ध? त्यांनी तर जागा करून दिली. मागे बसणं तुला आवडतं हे खरंच आहे. पण मागे बसलं की कुणी आपलं गाणं तपासत नाही, हेही त्याबरोबर आलं. बेसूर लागलं तर बाईंचा स्वर झाकून घेतो. अकरा वर्षं शिकून लोकांसमोर एकटीने षड्ज लावायचा आणि तो हलला तर काय, ही भीती तुझ्या मनात असेल असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला असेल तर मला फैलावर घे. पण चुकला नसेल तर त्या भीतीला नम्रतेचं लुगडं नेसवू नकोस. नम्र माणसाला पुढे बोलावलं की तो संकोचत का होईना, पुढे जातो. गुरूने ‘गा’ म्हटल्यावर गाणं यात पुढेपुढे करणं नाही.

यात मुलीच जास्त अडकतात, हेही म्हणायला हवं. तुझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलाला बाईंनी गायला सांगितलं असतं तर त्याने ‘राहू दे’ म्हटलं असतं का? मला शंका आहे. आपल्याला लहानपणापासून ‘मागे मागे राहावं, मोठ्यांदा बोलू नये’ हे दुधातून पाजलेलं असतं आणि मग तेच आपल्याला आपला स्वभाव वाटायला लागतं. तुझ्यात स्वभाव किती आणि पाजलेलं किती, हे गाऊन पाहिल्याशिवाय कळणार नाही. गाऊन पाहिलंस आणि खरंच वाटलं की नाही, माझा जीव मागेच रमतो, तर खुशाल आयुष्यभर तानपुऱ्यावर बस. मग मावसभावाच्या प्रश्नाने झोप उडणार नाही.

बाईंशी बोलायचं कसं, तर शिकवणीनंतर, सगळे गेल्यावर, दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी बोल. एका दिवशी गाण्याचं. ‘बाई, दोन वर्षं मी नाही म्हटलं, घाबरले होते. यंदा वीस मिनिटं द्याल का? कुठला राग घेऊ तेही तुम्हीच सांगा.’ गुरूला असं वाक्य ऐकून राग आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी नावाचं आणि मानधनाचं. ‘बाई, पुढच्या मैफलीच्या पत्रिकेत तानपुरा आणि स्वरसाथ म्हणून माझं नाव घालायला आयोजकांना सांगाल का? आणि रात्री परतायच्या गाडीचंही बघायला सांगा.’ मानधनाचा विषय तोंडातून निघत नसेल तर गाडीपासून सुरू कर, तो आपोआप येईल. बाई आयोजकांकडून तबल्याचं, पेटीचं मानधन ठरवून घेतात तसं तुझंही घेऊ शकतात. त्यांच्या कधी मनातच आलं नसेल, कारण तू कधी ओठ उघडले नाहीस. त्यांच्या स्वतःच्या तरुणपणी त्यांनाही गजऱ्यावरच बोळवलं असेल. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी काढू नकोस, नाहीतर गाण्याच्या विनंतीला व्यवहाराचा वास येईल आणि व्यवहाराच्या बोलण्यात तू पुन्हा शिष्या होऊन गप्प बसशील.

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची यादी बहुतेक ठिकाणी ज्येष्ठ सरता सरता ठरते. त्याआधी बोल, आणि समोर बसून बोल, व्हॉट्सॲपवर नको. बाईंनी राग तुझ्यावर सोपवला तर यमन टाळ, त्या दिवशी निम्म्या मुली यमनच गाणार. ज्या रागात तू त्यांच्या मागे सगळ्यात जास्त वेळ बसली आहेस तो घे. साडी तुला आवडेल त्या रंगाची नेस. आणि तुझ्या मागे तानपुऱ्यावर कोण बसणार हे आत्ताच एखाद्या मैत्रिणीला विचारून ठेव, तिचं नाव यादीत लिहायला लाव, ऐन वेळी मोबाइलवरचं ॲप लावायची वेळ आणू नकोस.

तुझी,
ताई